महामारी अंगावर काढली त्यांची गोष्ट : अमेरिकेतले लॅटिनो, मनाची टाळाटाळ आणि शरीराची दुखणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी छातीत दाटतं, पोट बिघडतं, डोकं उठतं. ‘कसली काळजी लागली आहे का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘छे, काही नाही.’ कोविडच्या काळात अमेरिकेतल्या लॅटिनो प्रौढांच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञांना याच पेचात रस निर्माण झाला. मन ज्या गोष्टीकडे पाठ फिरवतं त्याचा हिशेब शरीर चुकतं करतं का, असा तो प्रश्न. त्याबद्दल नेहमी विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे.

लॅटिनएक्स म्हणजे नेमके कोण?

मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्यूबा, डॉमिनिकन रिपब्लिक, एल साल्वादोर, ग्वातेमाला, कोलंबिया अशा लॅटिन अमेरिकी मुळांची, अमेरिकेत राहणारी माणसं. २०२० च्या जनगणनेत ती ६ कोटी २१ लाख भरली, म्हणजे देशाच्या जवळपास १९ टक्के. ‘लॅटिनएक्स’ हे लिंगनिरपेक्ष नाव विद्यापीठांत रुळलं. प्यू संस्थेच्या २०२० च्या पाहणीत ते स्वतःसाठी वापरणारे शंभरात तीनच निघाले, म्हणून इथे ‘लॅटिनो’ म्हटलं आहे.

हा समाज एकजिनसी मुळीच नाही. मायामीतला तीन पिढ्यांचा क्यूबन व्यापारी आणि ज्याची मायबोली एखादी माया भाषा आहे, स्पॅनिशही ज्याला उसनी वाटते असा ग्वातेमालाचा शेतमजूर, हे दोघे सरकारी फॉर्मवर एकाच चौकटीत खूण करतात. पुढे जे काही लिहिलं आहे ते वाचताना हे ध्यानात असू द्या.

मानसिक टाळाटाळ म्हणजे काय? आळस का?

आळसाशी तिचा काही संबंध नाही. नकोशी भावना, आठवण, विचार किंवा शरीरातली एखादी जाणीव आपल्याला होऊच नये यासाठी माणूस जी धडपड करतो तिला हे नाव आहे. त्या धडपडीत आयुष्याचं नुकसान होत असलं तरी ती सुटत नाही. स्टीव्हन हेज आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही कल्पना नीट मांडली, आणि अनेक मानसिक विकारांच्या मुळाशी हीच एक सवय आढळते असं म्हटलं.

ती आपण सगळेच करतो. वाईट बातमी आली की कपाट आवरायला घेतो, मोबाईलमध्ये डोकं खुपसतो, कामाचे तास वाढवतो, कुणी दोन पेग जास्त घेतं. त्या क्षणी बरं वाटतंच, आणि गोम तिथेच आहे. बरं वाटलं म्हणून पुढच्या वेळी माणूस तेच करतो आणि हळूहळू दुसरं काही करायचं विसरतो. शिवाय विचार दाबून तो दबत नाही. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर विचार करायला मोकळीक दिली तेव्हा, ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांच्या डोक्यात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं.

मग घरात बसणं, मास्क लावणं हीसुद्धा टाळाटाळच झाली की!

नाही. विषाणू टाळणं वेगळं आणि विषाणूची भीती टाळणं वेगळं. मास्क लावून ‘मला भीती वाटते आहे’ असं म्हणणारा माणूस काहीही टाळत नाही. उलट ‘कसला कोरोना!’ म्हणत मास्क न लावणारा कदाचित टाळत असेल.

मन टाळतं ते ठीक, पण त्याने अंग का दुखावं?

यात जादू काही नाही, वाटा मात्र अनेक आहेत.

पहिली वाट ताणाची. धोका जाणवला की शरीर ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल सोडतं. हृदय जोरात धडधडतं, स्नायू आवळले जातात, पचन मागे पडतं. हे काही मिनिटांसाठी असेल तर उत्तम व्यवस्था आहे. धोका महिनोन्महिने हलला नाही तर मान आणि खांदे दगड होतात, जबडा दुखतो, पोटात गोळा राहतो, झोप मोडते. टाळाटाळीमुळे धोका कमी होत नाही, फक्त त्याच्याशी तोंडदेखलीही ओळख होत नाही, त्यामुळे शरीर सावध ते सावधच राहतं.

दुसरी वाट दाबण्याची. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९३ मध्ये लोकांना किळसवाणी चित्रफीत दाखवली आणि काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. त्यांचे चेहरे कोरे राहिले, पण मज्जासंस्थेतल्या ताणाच्या खुणा मोकळेपणी बघणाऱ्यांपेक्षा वाढल्या. आतलं वाटणंही काही कमी झालं नव्हतं. म्हणजे कष्ट केले ते केले, वर पदरात काही पडलं नाही.

तिसरी वाट लक्षाची, आणि महामारीत ती सगळ्यांत महाग पडली. भीतीने श्वास उथळ होतो. उथळ श्वासाने छाती दाटते, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. एरवी याकडे कुणी पाहत नाही. २०२० मध्ये मात्र छाती दाटणं म्हणजे कोविड, म्हणजे व्हेंटिलेटर, अशी साखळी डोक्यात तयार होती. मग माणूस दर पाच मिनिटांनी श्वास तपासतो, तपासल्यामुळे श्वास आणखी बिघडतो. हे नको म्हणून तो जिने चढणं सोडतो, घराबाहेर पडणं सोडतो. हालचाल थांबल्यावर अंग खरंच कमकुवत होतं आणि चार पायऱ्या चढूनही दम लागू लागतो.

म्हणजे ही दुखणी खोटी? मनाचे खेळ?

मुळीच नाही. स्नायू आवळला की तो दुखतो, कारण काहीही असो. ‘सगळं मनाचं आहे’ हे वाक्य रुग्णाच्या तोंडावर दार लावण्यासारखं आहे. ते निदानही नाही.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या लॅटिनो लोकांमध्ये मधुमेहाचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे आणि त्यांची अंगमेहनतीची कामंही जास्त. कंबर दुखते ती कधीकधी पेट्या उचलून उचलूनच दुखते. आधी शरीर तपासायचं, मग बाकीचं बोलायचं.

महामारीत लॅटिनो लोकांवर असं वेगळं काय कोसळलं?

आकड्यांनी सुरुवात करू. घरून काम करता येईल अशी नोकरी असलेले लॅटिनो कामगार महामारीच्या आधीच्या सरकारी आकडेवारीत साधारण १६ टक्के होते, गोरे सुमारे ३० टक्के. एप्रिल २०२० मध्ये लॅटिनो बेरोजगारी १९ टक्क्यांच्या घरात गेली. म्हणजे एक तर काम गेलं, नाही तर विषाणूच्या तोंडी जाऊन काम करावं लागलं. मांस प्रक्रिया कारखान्यांत खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागतं. एप्रिलच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हे कारखाने चालूच राहावेत असा आदेश काढला. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने जुलैमध्ये छापलेल्या अहवालानुसार तिथल्या ज्या बाधित कामगारांचा वंश नोंदला गेला होता, त्यांतले ५६ टक्के लॅटिनो होते.

लॅटिनो लोक गरिबी सोसूनही गोऱ्यांपेक्षा जास्त जगतात, हे अमेरिकेतलं जुनं कोडं होतं. २०१९ मध्ये त्यांचं सरासरी आयुर्मान जवळपास ८२ वर्षं होतं. एका वर्षात ते चारेक वर्षांनी घसरलं.

कागदपत्रांचा प्रश्न वेगळाच. मार्च २०२० च्या मदत कायद्यातून माणशी १,२०० डॉलर मिळाले, पण ज्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) नव्हता त्यांना नाही. पहिल्या फेरीत तर अशा व्यक्तीसोबत एकत्र कर भरणारा अमेरिकन नागरिक जोडीदारही वगळला गेला. ही चूक डिसेंबरमध्ये दुरुस्त झाली. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला ‘पब्लिक चार्ज’चा कडक नियम लागू झाला होता : सरकारी मदत घ्याल तर ग्रीन कार्डाला अडथळा येऊ शकेल. कोविडची तपासणी आणि उपचार त्यात धरणार नाही, असं सरकारने जाहीर केलं. पण भीती एकदा वस्तीत पसरली की परिपत्रक वाचतं कोण? नियम मार्च २०२१ मध्ये गेला, धास्ती मागे राहिली.

आणि मृत्यू. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये एल्महर्स्ट रुग्णालयात मार्च २०२० च्या अखेरीस २४ तासांत १३ जण दगावले. आजूबाजूला लॅटिनो लोकांच्या मोठ्या वस्त्या, जॅक्सन हाइट्स आणि कोरोना. हो, वस्तीचं नावच कोरोना आहे, विषाणूच्या कितीतरी आधीपासून. त्या उन्हाळ्यात, ११ जुलैला, सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये सुमारे अडीचशे मेक्सिकन मृतांच्या अस्थिकलशांवर प्रार्थना झाली आणि मग ते कलश विमानाने मेक्सिकोला गेले. मातीत पुरण्याची रीत असलेल्या घरांना राख हातात घ्यावी लागली, तीही महिनोन्महिने वाट पाहून.

हे एखाद्या माणसाच्या आयुष्यात कसं दिसतं?

एक बाई डोळ्यांसमोर आणा. ती काल्पनिक आहे, पण तिच्या परिस्थितीत त्या काळात अनेक जणी होत्या. कोरोना वस्तीत एका तळघरातल्या दोन खोल्या. नवरा, दोन मुलं आणि दीर. ती मॅनहॅटनमध्ये घरं साफ करायची. मालकिणींचे फोन आले, ‘सध्या येऊ नका.’ पगार बंद. मेक्सिकोतल्या पुएब्लाहून आईचा फोन येतो तेव्हा ती सांगते, सगळे मजेत आहोत. बातम्या लागल्या की चॅनल बदलते. शेजारचा माणूस गेला त्याबद्दल घरात बोलणं काढत नाही, मुलं ऐकतील म्हणून. दिवसभर शांत असते. रात्री दोनला दचकून उठते, हात छातीवर. बाहेर सायरन. डॉक्टरकडे जायचं तर बिल आणि कागद, दोन्हींची भीती. ती कॅमोमाइलचा काढा करते आणि छातीला विक्स चोळते (ती निळी डबी मेक्सिकन घरात आपल्याइतकीच घरची आहे). सकाळी दीर विचारतो, काय झालं? ती म्हणते, गॅसेस.

ही टाळाटाळ म्हणायची की नाइलाज?

या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा आहे.

पुस्तकातली टाळाटाळ ही माणसाची सवय असते. माणसाकडे पर्याय होता आणि त्याने तोंड फिरवलं, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. त्या बाईकडे कोणता पर्याय होता? मांस कारखान्यातल्या ज्या कामगाराला भरपगारी रजा नाही, बेरोजगार भत्ता नाही, त्याने सकाळच्या पाळीला जाताना भीतीला सामोरं जाऊन नेमकं करायचं काय होतं? भीती गिळूनच तो आत जाऊ शकत होता. चाचणी न करून घेणं हे वरून टाळाटाळीसारखं दिसतं, पण पॉझिटिव्ह आलो तर चौदा दिवसांचा पगार जाणार, हे गणित त्याला चोख येत होतं.

म्हणून एखाद्या प्रश्नावलीत लॅटिनो प्रौढांचे टाळाटाळीचे गुण जास्त आले तर लगेच त्यांच्या मनाला दोष देऊ नये, असं माझं मत. बरीचशी टाळाटाळ त्यांच्यावर लादली गेली होती. पण शरीर हा भेद करत नाही. नाइलाजाने गिळलेली भीतीही मान आखडवते, झोप उडवते. आणि नाइलाज संपला तरी सवय उरते. कामं परत सुरू होतात, लस मिळते, बाई मात्र अजून बातम्या लागल्या की चॅनल बदलते. उपचाराची खरी गरज इथे सुरू होते.

संस्कृतीचा यात किती वाटा?

आहे, पण सांगताना सगळे जरा जास्तच सांगतात. ‘आग्वांतार’, म्हणजे निमूट सोसणं, हा मोठेपणाचा गुण मानला जातो. पुरुषाने रडू नये, आईने खचू नये, घरातलं भांडण चव्हाट्यावर आणू नये, या अपेक्षा तिथेही आहेत. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. त्याच वेळी कुटुंबाची घट्ट वीण हा मोठा आधारही असतो. महामारीने नेमका तोच आधार धोकादायक करून टाकला : आजीला भेटायला जाणं म्हणजे कदाचित तिला आजार देणं.

मन आणि शरीर वेगळं न काढता त्रास सांगण्याची रीत या समाजात जुनी आहे. ‘नेर्व्हियोस’ म्हटलं की त्यात काळजी, थरथर, डोकेदुखी, पोट बिघडणं सगळं येतं. ‘आताके दे नेर्व्हियोस’ म्हणजे त्याचा झटका : ओरडणं, रडू न आवरणं, छातीतून डोक्याकडे उष्णता चढणं, अंग थरथरणं, कधी शुद्ध हरपणं. बहुधा घरातल्या मृत्यूची किंवा भांडणाची बातमी ऐकताच तो येतो. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी प्वेर्तो रिकन सैनिकांत हे पाहिलं आणि त्याला ‘प्वेर्तो रिकन सिंड्रोम’ असं नाव देऊन टाकलं. आज डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानग्रंथात त्याला त्रास व्यक्त करण्याची सांस्कृतिक रीत म्हणून जागा आहे. असा झटका आलेला प्रत्येक जण मनोरुग्ण असतो असंही नाही.

‘लॅटिनो लोक मनाचं दुखणं शरीरातून सांगतात’ हे खरं का?

अर्धंच. खाविएर एस्कोबार आणि ग्लोरिसा कानिनो यांच्या १९८० च्या दशकातल्या कामात प्वेर्तो रिकोमध्ये कारण न सापडणाऱ्या शारीरिक तक्रारी जास्त आढळल्या होत्या. पण जगात कुठेही जा, उदास माणूस साध्या डॉक्टरकडे येतो तो पाठ किंवा पोट घेऊनच. शिवाय जिथे मानसोपचारतज्ज्ञ परवडत नाही आणि स्पॅनिश बोलणारा सापडत नाही, तिथे माणूस तीच तक्रार सांगणार जी ऐकायला समोर कुणी बसलं आहे.

हे सगळं मोजतात कसं?

टाळाटाळीसाठी सर्वाधिक वापरली जाते ती सात विधानांची एक प्रश्नावली, एएक्यू-२. ‘मला माझ्या भावनांची भीती वाटते’ अशा धर्तीच्या विधानांना एक ते सात गुण द्यायचे. शारीरिक लक्षणांसाठी पीएचक्यू-१५ : पोटदुखी, पाठदुखी, डोकेदुखी, छातीत दुखणं, चक्कर, धडधड, दम, थकवा, झोप अशा पंधरा तक्रारी गेल्या चार आठवड्यांत किती सतावत होत्या ते विचारतात. एकूण गुण ३०. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र.

दोन्हींवर आक्षेप आहेत. एएक्यू-२ टाळाटाळ मोजते की नुसता त्रास, यावर संशोधकांतच वाद आहे. त्रासच मोजत असेल तर त्रासलेल्या माणसाचं अंग दुखतं, एवढाच निष्कर्ष निघतो. पीएचक्यू-१५ मधला थकवा आणि दम कोविडचाही असू शकतो. आणि महामारीतले बरेच अभ्यास ऑनलाइन, एकाच वेळी केलेल्या पाहणीचे. त्यांत दोन गोष्टी सोबत दिसतात, पण आधी कोणती आली ते कळत नाही. दीर्घ दुखण्याने पिचलेला माणूसही भावना टाळू लागतो, हे विसरू नये. ऑनलाइन पाहणीला शेतमजूर बसत नाही, हे वेगळंच.

उपचार काय?

हेज यांच्याच परंपरेतली स्वीकार आणि बांधिलकी उपचारपद्धती, म्हणजे ॲक्ट, थेट टाळाटाळीवर काम करते. नकोशी जाणीव घालवण्याचा हट्ट सोडायचा, तिला जागा द्यायची आणि आपल्याला मोलाचं वाटतं ते करत राहायचं. छाती दाटली तर दाटू दे, पण मुलाला घेऊन बागेत जायचं. विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारे बोधात्मक वर्तनोपचारही उपयोगी पडतात. प्वेर्तो रिकोतल्या गियेर्मो बेर्नाल यांनी १९९५ पासून दाखवून दिलं की उपचार नुसता भाषांतरित करून भागत नाही. उदाहरणं, नात्यांतली अदब, कुटुंबाची जागा, सगळं त्या माणसाचं हवं.

दारातून आत कसं यायचं, हा मात्र उपचाराआधीचा प्रश्न. सुरुवात पोटापासून करावी. ‘तुम्हाला नैराश्य आहे का?’ या प्रश्नावर नकार येईल. ‘रात्री छाती दाटते तेव्हा डोक्यात काय चाललेलं असतं?’ यावर बोलणं सुरू होतं. हे काम डॉक्टरपेक्षा ‘प्रोमोतोरा’ चांगलं करतात. त्या वस्तीतल्याच आरोग्यसेविका असतात. आपल्या आशाताई आठवतील. मेक्सिकोच्या वाणिज्य दूतावासांमध्ये २००३ पासून ‘व्हेन्तानिया दे सालुद’ नावाच्या आरोग्य खिडक्या आहेत. पासपोर्टच्या रांगेत उभं असतानाच रक्तदाब आणि साखर तपासून मिळते. कागद विचारले जाण्याची धास्ती तिथे नसते.

ज्याला आठवडी सुट्टी नाही त्याला नुसतं ‘भावनांना सामोरे जा’ सांगून काय होणार? भरपगारी आजारी रजा हाही माझ्या लेखी या दुखण्यावरचा उपचार आहे.

मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध?

जॅक्सन हाइट्समध्ये ७४ व्या रस्त्यावर भारतीय किराणा आणि सोन्याची दुकानं आहेत, आणि दोन गल्ल्या पलीकडे टाकोच्या गाड्या. महामारी दोन्हीकडे आली. अमेरिकेतल्या अनेक मराठी डॉक्टरांना हे रुग्ण रोज भेटतात. ४ मे २०२१ पासून भारतातून अमेरिकेत येण्यावर निर्बंध आले, तेव्हा व्हिसावरच्या कितीतरी जणांना आईबापांच्या अखेरच्या दिवसांत पुण्या-नागपूरला जाता आलं नाही. गेले तर नोकरीवर परतता येईल याची खात्री नव्हती. व्हिडिओ कॉलवर अंत्यविधी पाहून दुसऱ्या दिवशी मीटिंगला बसलेली माणसं आपल्यातही आहेत. फरक एवढा की त्यांच्याकडे बहुधा विमा होता आणि कागद होते. दोन्ही अनुभव सारखे आहेत असं कुणी म्हणू नये.

आता तर सगळं संपलं ना?

अमेरिकेतली सार्वजनिक आरोग्य आणीबाणी ११ मे २०२३ ला संपली. दुखणी तारीख पाहून थांबत नाहीत. २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत ८.३ टक्के लॅटिनो प्रौढांनी आपल्याला कधी ना कधी लाँग कोविड, म्हणजे संसर्गानंतर महिनोन्महिने रेंगाळणारा त्रास, झाल्याचं सांगितलं; गोऱ्यांत हा आकडा ७.१ होता. त्यामुळे थकवा आणि दम ही लक्षणं दिसली की टाळाटाळीचा सिद्धांत पुढे करण्याआधी लाँग कोविडचा विचार व्हायला हवा.

छातीत दुखतंय. भीती आहे की आजार, घरी कसं ओळखू?

घरी ओळखायला बसू नका. छातीत कळ, दम लागणं, ओठ निळे पडणं, हातात किंवा जबड्यात पसरणारी वेदना, शुद्ध हरपणं यातलं काहीही असेल तर थेट रुग्णालय. तपासण्या नॉर्मल येऊनही तेच पुन्हा पुन्हा होत असेल तर त्याच डॉक्टरांना झोप, काळजी आणि टाळलेल्या गोष्टींबद्दलही सांगा.

बोलायला कुणी हवं असेल तर?

अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मदत मिळते. फोन लागल्यावर २ दाबलं की स्पॅनिशमधून बोलता येतं. जुलै २०२३ पासून स्पॅनिशमध्ये मेसेज आणि चॅटही आहे. भारतात टेली-मानसचा क्रमांक १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं, आणि ‘नुसतं डोकं दुखतंय’ एवढं सांगून सुरुवात केली तरी चालतं.